घाटबोरीचा चुकलेला चुडा

पडदा वर जातो तेव्हा समोर गोदावरी. मागच्या पडद्यावर कुणी रंगवून ठेवावं तसं केशरी पाणी, डावीकडं चिंचेचं झाड, उजवीकडं घाटाच्या झिजलेल्या पायऱ्या. आणि मधोमध, सगळा उजेड आपल्यासाठीच सोडलाय अशा थाटात, डोक्यावर बांगड्यांची टोपली घेतलेली चांदबी मणियार. ठेंगणी, काटक बाई. आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. ऐकायला एकच पात्र होतं, मलप्पा नावाडी, आणि तोही नाव घेऊन पलीकडच्या काठाला लागलेला.

"मलप्पाऽ! नाव फिरव रे!"

"दिस बुडाला, चांदबी! बंधाऱ्याचं पानी लई हाय. आता सकाळीच!"

"अरे, नवरी खोळंबली माझी!"

नाव खुंटीला बांधून मलप्पा चढावर दिसेनासा झाला. वाऱ्याबरोबर हलगी तेवढी ऐकू येत राहिली.

पलीकडच्या काठावर, घाटबोरीत इंदूला हळद लागायची होती. हळदीआधी नवरीच्या हातात हिरवा चुडा भरायचा, आणि घाटबोरीत तो चांदबीनंच भरायचा. तिच्या आईनं भरला, आजीनं भरला. इंदूचं मनगट तर ती पाळण्यापासून ओळखत होती. हा मान एकदा दुसऱ्याकडं गेला की परत मिळत नसतो, आणि चांदबीकडं गाव उरलं होतं ते हे एकच.

निलंग्याकडची तिची गावं भूकंपात गेली. पुढच्या वर्षी ती टोपली घेऊन पत्र्याच्या शेडांतून फिरली, पण कुणी हात पुढं केला नाही. एका म्हातारीनं नुसतं विचारलं, "कुणाला भरतीस, बाई?" चांदबी तिथूनच माघारी वळली. लातुरात बहिणीच्या गल्लीत खोली घेतली. त्या गल्लीत घरोघरी शिकवणीच्या पोरी. त्या म्हणायच्या, "मावशी, लिहिताना बांगड्या वाजतात, सर ओरडतात." काचेचा धंदा तिथंही बसला.

आज लातूर रोडला तिनं गाडी धरली तेव्हा परीक्षा आटोपून हीच पोरंपोरी गावाकडं निघालेली. गाद्या, ट्रंका, स्टोव्ह. कुणाची बादली फलाटावर राहिली की ओढ साखळी. कुणाचा बाप चढला नाही की ओढ साखळी. गाडी रडतखडत अलीकडच्या घाटबोरी रोड स्टेशनाला पोचेपर्यंत मलप्पाची शेवटची नाव सुटली होती.

चांदबी घाटावरून तरातरा स्टेशनात आली. स्टेशन मास्तर राघवेंद्र जोशी नुकतेच चहाला बसले होते.

"मास्तर, नाव चुकली माझी. तुमच्या गाडीपायी."

"नाव रेल्वेची नाही, बाई. आमची जबाबदारी स्टेशनापर्यंत."

"तिकिटावर काय लिवलंय? वाचा."

"घाटबोरी रोड."

"मंग हे घाटबोरी हाय का?"

"रोड आहे. इथून घाटबोरीला रस्ता जातो."

"रस्ता न्हाई, नदी जाती!"

बाकावरची माणसं हसली. मास्तरांचे कान लाल झाले. "साखळी मी ओढली का?"

"मी तरी ओढली का?"

"तक्रारवही देतो. लिहा काय लिहायचं ते."

"वहीला शिवकांताकाकू भीत न्हाई. नवरीची चुलती हाय ती, अख्खं घर तिच्या धाकात. तुम्ही चला सकाळी. तिच्या दारात उभं राहून सांगा, गाडी लेट होती, चांदबी न्हाई."

"मी? असा नियम नाही."

"लेट यायचा तरी नियम हाय का?"

"जास्त बोललात तर पोलीस बोलावीन."

"बोलवा की. त्यांनाबी नाव न्हाई मिळायची."

मग तिनं टोपली त्यांच्या दारातच ठेवली आणि उंबऱ्यावर बसली. "नांदेडात ग्राहक मंच हाय म्हनं. तिथं तुम्हाला बोलावतील. मला पैसा नको, तुमचं तोंड पायजे. लेट तुम्ही आणि तोंड काळं माझं, हे कसलं?"

मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं, टोपलीकडं पाहिलं. वरच्या साहेबांना स्पष्टीकरण लिहीत बसण्यापेक्षा नदी ओलांडणं सोपं, असं त्यांना वाटलं असावं. सकाळी पाळी संपताच ते टोपी घालून, फुरंगटल्या चेहऱ्यानं मलप्पाच्या नावेत चढले. नावेत दोघं पाठीला पाठ लावून बसले.

मांडवात शिवकांताकाकू उभ्याच होत्या, कमरेला हात देऊन. "आता उगवलीस व्हय?"

"गाडी लेट होती," मास्तर म्हणाले. "बाईंची चूक नाही. मी स्टेशन मास्तर. सांगायला आलोय."

"गाडी रोजचीच लेट. हिला म्हाईत न्हाई? आदल्या दिशी निघायचं. न्हाईतर कंधारवरून एसटीनं यायचं."

"एसटीत अर्धी काच फुटती, काकू," चांदबी म्हणाली. "तिकीट गाडीचं काढलं, ते काय रस्त्यात थांबायला?"

"कंधारचा बांगडीवाला रिजवान रातीच फटफटीवर आला. काच न्हाई फुटली त्याची."

इंदू पुढं आली. हळदीनं पिवळे झालेले हात, त्यात दुसऱ्याचा हिरवा चुडा. चांदबीनं सवयीनं तिचं मनगट धरलं, बांगडी अंगठ्यानं फिरवून पाहिली. सैल होती. तिनं ती तशीच वर सारली.

शिवकांताकाकूंनी मात्र सोडलं नाही. "निलंग्याची गावं गेली ना तुझी? तसंच हेबी गेलं समज. रिजवानला शब्द दिलाय आता."

"भूकंपानं नेलं ते वेगळं, काकू. हे तुम्ही देऊन टाकलं."

कुणीतरी चहाचा कप पुढं केला. चांदबीनं तो घेतला नाही. टोपली डोक्यावर चढवली आणि घाटाची वाट धरली. मास्तर मागून धापा टाकत आले.

परतीच्या नावेत त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "मी आलो, खरं ते बोललो," ते म्हणाले. "आता तरी मंचात जाणार नाही ना?"

चांदबी अलीकडच्या काठाकडं बघत राहिली. नाव टेकल्यावर खाली उतरली, टोपली सावरली आणि म्हणाली, "मास्तर, तुम्ही खोटं बोलला न्हाई, हे मी कुठंबी सांगीन. पन आजबी गाडी लेटच येनार. तिच्यातनं उतरनाऱ्या बाईसाठी कुनाच्या दारात जाऊन उभं राहायचं, ते आत्ताच ठरवून ठेवा."