कॅप्टन नोराचा मेलेला भाऊ

एलिसेओ ब्रिसेन्योनं एकतीस वर्षांत हजारो भागांचे संवाद लिहिले, आणि त्यातला एकही त्याचा स्वतःचा नव्हता. परदेशी मालिका यायची, हा तिचं स्पॅनिश करायचा, स्टुडिओतले कलाकार ते बोलायचे आणि शेवटी नावांची पाटी सरकू लागली की वाहिनीवाले साबणाची जाहिरात सुरू करायचे. त्याच्या नावापर्यंत पाटी कधी पोचलीच नाही. तो राहायचा त्या पोर्तालेस वस्तीच्या बाजारातली भाजीवाली त्याला 'नर्सबाईंचा भाऊ' म्हणून ओळखायची. हे त्याला लागायचं, पण सांगणार कुणाला?

काम तसं विचित्रच. पडद्यावरच्या माणसाचे ओठ मिटले की याच्या वाक्यातही ओठ मिटणारं अक्षर हवं; त्यानं जबडा वासला की इथंही वासायला हवा. म्हणून एलिसेओ रोज सकाळी न्हाणीघरातल्या आरशासमोर तोंडाचे चित्रविचित्र आकार करत राहायचा आणि बाहेरून थोरली, आता निवृत्त झालेली बहीण ओर्तेन्सिया दार बडवायची. तिला सगळे तेन्चा म्हणत, आणि ती याला चेओ.

"चेओ, आटप! मालिकेतली ती बाई मरायची असेल तर मरू दे एकदाची, मला तोंड धुवायचंय!"

त्यामुळे त्याला सगळ्यांत प्रिय होती ती पाठमोरी माणसं. पाठ फिरली की ओठ दिसत नाहीत, आणि ओठ दिसले नाहीत की लिहिणारा राजा. एकतीस वर्षांत त्यानं या राजेपणाचा गैरवापर कधी केला नव्हता, असं तो स्वतःला सांगत असे.

तो साठीला टेकला तेव्हा 'जागल' आली. दोनशे वर्षांच्या प्रवासाला निघालेलं यान, आत चारशे माणसं. प्रत्येकानं एक वर्ष जागं राहून यान सांभाळायचं आणि नऊ वर्षं गारठ्याच्या पेटीत झोपायचं. यानावर जन्मलेल्यांना मात्र पेटी नाही, त्यामुळे काही फेऱ्यांनंतर आई उठते तर मुलगी तिच्याहून मोठी झालेली. नवरा-बायकोच्या पाळ्या जुळत नाहीत, म्हणून झोपायला जाणारा माणूस उठणाऱ्यासाठी भिंतीवर चार ओळी लिहून ठेवतो. यानाची कॅप्टन होती नोरा.

पहिल्याच भागात ती भिंत दिसली आणि एलिसेओनं चित्र थांबवलं. तेन्चानं सत्तावीस वर्षं इस्पितळात रात्रपाळी केली होती. ती घरी यायची तेव्हा हा निघालेला असायचा. दोघांचं घर चाललं ते फ्रिजच्या दारावरच्या चिठ्ठ्यांवर. 'गॅस संपलाय.' 'कुत्र्याला गोळी दिली.' आई गेली तेही त्याला चिठ्ठीवरूनच कळलं होतं: 'आई पहाटे गेली. तुला उठवलं नाही. परत इस्पितळात जातेय, कॉफी करून ठेवलीय.' कुणीतरी परदेशात बसून हे आपल्यावरच लिहिलंय असं त्याला वाटलं, आणि हा साठीचा बाप्या खुर्चीत बसून ढसाढसा रडला.

त्यानंतर त्याच्या तोंडी दुसरा विषय उरला नाही.

"यात डोकं आहे, तेन्चा. तुझ्या त्या संध्याकाळच्या मालिकांसारखं नाही. इथं कुणाची स्मृती जात नाही, मोलकरीण कोट्यधीशाची मुलगी निघत नाही, जुळा भाऊ कुठून तरी उपटत नाही."

"मग बघायचं काय?" तेन्चानं विचारलं.

दुसऱ्या वर्षी मालिकेच्या अंगात आलं. यानावर सरडामाणसं उतरली. नोरा दोन वैमानिकांच्या मध्ये लोंबकळू लागली. ती भिंत पहिल्याच मारामारीत कोसळली आणि पुढे कुणाला तिची आठवणही झाली नाही. आई आणि म्हातारी मुलगी दोघींना एकाच स्फोटात उडवून टाकलं, कारण बहुधा त्यांचं काय करावं हे कुणाला सुचेना. एलिसेओ चवताळला. स्टुडिओसमोरच्या गाडीवर तोर्ता खाताना, लिफ्टमध्ये, बँकेच्या रांगेत, जो भेटेल त्याला तो ऐकवायचा.

"अरे, सोन्याची खाण लागलीय हाताला, आणि हे गाढव तिच्यात कोंबड्या पाळतात! मी लिहिलं असतं ना..."

'मी लिहिलं असतं ना' हे वाक्य त्याच्या तोंडून इतक्यांदा निघालं की ध्वनिमुद्रण करणारा माणूस त्याला पाहताच कानाला हेडफोन लावू लागला.

आणि मग त्या वर्षीचा सातवा भाग आला. नोरा अवकाशवेष घालून यानाबाहेर एकटीच तरंगतेय. हातात भावाचा फोटो. शिरस्त्राणाची काच आरशासारखी चकचकीत, आतले ओठ मुळीच दिसत नाहीत. अकरा सेकंद. मूळ वाक्य असं होतं की माझा भाऊ म्हणायचा, तारे म्हणजे देवाच्या खिशातली चिल्लर. एलिसेओनं ते तीनदा ऐकलं. कानशिलं तापली. मग त्यानं खोडलं आणि लिहिलं:

'हा माझा भाऊ. त्याची पेटी बंद पडली तेव्हा जागलीवर मी होते. माझा डोळा लागला होता.'

नोराचा आवाज ओफेलिया कारान्सा द्यायची. तिनं कागद वाचला, कानावरचे हेडफोन काढले, पुन्हा घातले.

"मायेस्त्रो, हे मुळात असंच आहे?"

"जवळपास," एलिसेओ म्हणाला.

तिनं ते एकाच दमात म्हटलं. तपासणाऱ्यांनी वेळ मोजला, अकरा सेकंद बरोबर भरले, झालं. पुढच्या महिन्याभरात ते वाक्य लोकांच्या तोंडी बसलं. पोरांनी सदऱ्यांवर छापून घेतलं. मेट्रोच्या एका स्थानकाबाहेर कुणीतरी ते भिंतीवर रंगवलं आणि एलिसेओ वाट वाकडी करून रोज तिथून जाऊ लागला. एकदा तर रंगाचा ओघळ रुमालानं पुसताना पहारेकऱ्यानं त्याला हटकलं. घरात तो असा काही चालायचा की तेन्चानं विचारलं, पाठीत काही भरलंय का, शेकून देऊ का?

तिसऱ्या वर्षाचा चौथा भाग सोमवारी त्याच्या टेबलावर आला. बाराव्या मिनिटाला एका पेटीचं झाकण उघडलं आणि आतून नोराचा भाऊ बाहेर आला. तोच फोटोतला. धडधाकट, पांढरेशुभ्र दात दाखवत. मुळात तो मेलाच नव्हता. त्याला मारला होता तो पोर्तालेसच्या एका तिसऱ्या मजल्यावर, एलिसेओच्या टेबलाशी.

एलिसेओच्या तोंडचं पाणी पळालं. बुधवारी ध्वनिमुद्रण. स्टुडिओला खरं सांगावं तर इतक्या वर्षांची नोकरी गेली. गप्प बसावं तर नोरा स्वतःच मेला म्हणून सांगितलेल्या माणसाला मिठी मारणार, आणि तिहुआनापासून पार खाली पातागोनियापर्यंत माणसं पोट धरून हसणार. तेही परवडलं असतं. पण त्या एका वाक्याचं हसं होणार होतं, जन्मात लिहिलेल्या एकुलत्या एका खऱ्या वाक्याचं, हे त्याला सहन होईना. वर्षभर ज्यांना तो गाढव म्हणत होता ते बिचारे आपल्या वाटेनं सरळ चालले होते. आडवाटेला शिरला होता हाच.

त्यानं भावाचं भूत करून पाहिलं. पण पुढच्याच दृश्यात भूत अंडी खात होतं. सरडामाणसानं रूप घेतलंय असं करून पाहिलं. पण मग त्याचं लग्न लागत होतं, आणि सगळे सरडे पंगतीला हजर होते. मंगळवारी दुपारी तो स्वयंपाकघरात येऊन बसला. तेन्चा भाजीसाठी नोपाल निवडुंगाच्या पानांचे काटे काढत होती.

"काय झालंय? तोंड का असं, लिंबू चोखल्यासारखं?"

त्यानं सगळं सांगितलं. तिनं सुरी थांबवली नाही.

"मेलेला कसा दिसायचा?"

"फोटोत? हाच. हेच थोबाड."

"मग जुळा."

"नाही."

"का नाही?"

"तेन्चा, मी मरेन, पण जुळा लिहिणार नाही."

"मर की. उद्या ती पोरगी काय बोलणार ते लिहून मर."

तो संध्याकाळपर्यंत मेला नाही. मिठीच्या वेळी नोराचं तोंड भावाच्या खांद्यात बुडालेलं होतं, चार सेकंद. त्या चार सेकंदांत त्यानं लिहिलं: 'जुळ्यांतला एक तरी उरला!' लिहिताना त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्यानं दिवा मालवला आणि मग कागद दिसेना म्हणून परत लावला.

बुधवारी ओफेलियानं कागद पाहिला आणि काचेपलीकडून त्याच्याकडे बघत राहिली.

"मायेस्त्रो, माझा भाऊ उत्तरेकडे, अमेरिकेत गेला त्याला एकोणीस वर्षं झाली. पत्र नाही, फोन नाही. त्या दिवशी ते वाक्य म्हणताना मी खरी रडले होते."

"ठाऊक आहे."

"आणि आज हे?"

"माफ कर, ओफेलिया. दुसरं काही जमलं नाही मला."

"पुढच्या वेळी कुणाला मारायचं असेल तर आधी मला विचारत जा," ती म्हणाली, आणि तिनं ते टुकार वाक्य असं काही म्हटलं की क्षणभर जुळा खराच वाटला. त्यामुळे एलिसेओला आणखी अपराधी वाटलं.

लोकांना मात्र काही खरंबिरं वाटलं नाही. भाग लागला त्या आठवड्यात एलिसेओ दाढीला बसला होता आणि न्हावी वस्तरा हवेत नाचवत होता.

"इतकी सुंदर मालिका, सेन्योर, आणि जुळा भाऊ? वाया घालवली हो! त्या अमेरिकन ग्रिंगोंना पण आमच्या मालिकांची लागण झाली. ज्यानं हे लिहिलं ना, त्याला समोर बसवा माझ्या."

"हो ना," गळ्यापर्यंत फेस माखलेला एलिसेओ म्हणाला. मालिकेवर वर्षभर तोंडसुख घेणारा हा पठ्ठ्या त्या दिवसापासून मूग गिळून बसला. आता मालिकेला शिव्या दिल्या की त्यातल्या निम्म्या स्वतःलाच लागायच्या. घरात मात्र तेन्चा जुळा आल्यापासून टीव्हीसमोरून हलेना. तिचं म्हणणं, आता कुठे गोष्ट सुरू झालीय.

चौथं वर्ष आलंच नाही. मालिका बंद पडली. तिच्या चाहत्यांनी एका शनिवारी सकाळी वाचनालयाच्या सभागृहात मेळावा भरवला, ओफेलियाला बोलावलं, आणि तिनं एलिसेओला ओढून नेलं. तेन्चा आपणहून निघाली, घरी वाफवलेल्या तामालेसची पिशवी घेऊन. तिथं पुठ्ठ्याची शिरस्त्राणं घातलेली दीडदोनशे माणसं होती. एकानं उठून ओफेलियाला विचारलं, ते डोळा लागल्याचं वाक्य म्हणताना काय वाटलं?

"ते मला नका विचारू," ती म्हणाली. "ते मी लिहिलेलं नाही. अमेरिकेतही कुणी लिहिलेलं नाही. तो बघा लिहिणारा, तिसऱ्या रांगेत, निळ्या शर्टातला."

सगळं सभागृह वळलं. मग उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. एलिसेओ उठला आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण आहोत. एवढ्यात मागून एका मुलीनं हात वर केला. पंचविशीची असेल, काखेत शिरस्त्राण.

"एक मिनिट. तुम्ही भाऊ मारला, म्हणजे मुळात तो मेला नव्हता. मग तो जुळा कुणाचा? जुळ्याचं ऐकल्यावर मी मालिका बघायची सोडली, म्हणून विचारतेय."

टाळ्या विरल्या. 'ग्रिंगोंचा' हा शब्द एलिसेओच्या जिभेवर तयार होता. तो म्हटला असता तर सगळ्यांनी मानलाही असता, आणि वाक्य त्याचं, पाप त्यांचं अशी छान वाटणी झाली असती. त्यानं तोंड उघडलं.

"जुळा माझा!" शेजारून तेन्चा ताडकन उठली. "भाजी साफ करता करता सुचला. हा नको नको म्हणत होता. आवडला ना?"

एलिसेओनं बहिणीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर लाजेचा लवलेश नव्हता, आणि ते बघून याला आपलीच भयंकर लाज वाटली.

"सुचला हिला, पण लिहिला मी," तो म्हणाला. "भाऊ मारला तोही मीच. वाटलं, त्या लोकांपेक्षा मला जास्त कळतं. अर्धी मालिका त्यांनी वाया घालवली होती, उरलेली मी घालवली."

"म्हणजे तुमच्यामुळे मी ती सोडली!" मुलगी म्हणाली.

"मीही सोडली असती हो. पण मला पगार होता."

हशा उसळला, आणि आधी ती मुलगीच हसली. एलिसेओला वाटलं, आता लोक आपल्याभोवती जमतील. जमले ते तेन्चाभोवती. बाई, मग चौथ्या वर्षी काय झालं असतं, सांगा ना! तेन्चानं पिशवी भावाच्या हातात दिली, खुर्चीत ऐसपैस बसली आणि सुरू झाली. म्हणे जुळ्याची बायको पोटुशी आहे, आणि पोर होणार तेव्हा जुळ्याची झोपायची पाळी. तो उठेल तेव्हा पोर नऊ वर्षांचं. आता त्या पोराला आपला बाप दाखवायचा कसा? माणसं जमिनीवर बसली, शिरस्त्राणं मांडीवर घेतली. इतका वेळ आढ्याकडे बघत उभा असलेला एलिसेओ हळूच दोन पावलं पुढे सरकला. यानाला, जागलीला, झोपलेल्या बापाला, सगळ्याला पुन्हा जीव आला होता.

तेन्चा नाक पुसायला थांबली.

"मग?" एलिसेओनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "पुढे काय झालं?"