जाळ नसलेली भट्टी

मायक्रोवेव्ह घ्यावा की घेऊ नये, असा प्रश्न त्या इमारतीत कुणाला पडला की तो माणूस तिसऱ्या मजल्यावर काकांकडे जायचा. काकांचा जन्म बेकरीच्या भट्टीसमोर गेला होता. भट्टीच्या तोंडाशी उजव्या हाताची मागची बाजू धरून ते आच जोखायचे. इतकी वर्षं जोखली की त्या हातावर केस उगवायचेच थांबले. तापण्याभाजण्याच्या बाबतीत काकांचा शब्द शेवटचा, असं सगळे धरून चालत, आणि तो शब्दही ठरलेला होता.

"खोक्यात दिवा लावून अन्न शिजत नसतं. जाळ पाहिजे. जाळाशिवाय माणूस गरम झाला तर आपण त्याला ताप आला म्हणतो."

विचारणाऱ्यांत सगळ्यात चिवट होते खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर. त्यांची बायको मायक्रोवेव्हसाठी हटून बसली होती. मास्तर दर महिन्याला येऊन तोच प्रश्न विचारायचे आणि तेच उत्तर घेऊन समाधानाने जिना उतरायचे. असा सल्लागार लाभायलाही भाग्य लागतं.

काकांच्या स्वतःच्या घरात मात्र जाळाने घात केला होता.

काकूंचे डोळे हळूहळू गेले. आधी सुईत दोरा जाईना, मग माणसं आवाजावरून ओळखायची वेळ आली. जे गेलं ते परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. तरी काकू स्वयंपाक करत राहिल्या. मीठ, साखर, चमचे, झाकणं सगळं जागच्या जागी. हातांनाच डोळे फुटलेले. पण एका सकाळी काका आंघोळीला गेले असताना गॅसवर काकूंची बाही पेटली. काका धावत बाहेर आले तेव्हा काकू हात नळाखाली धरून उभ्या होत्या. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोललेली, आणि तोंडात एकच वाक्य, "मला जाळ दिसलाच नाही हो."

हात बरा झाला, पण त्या दिवसापासून काकांनी त्यांना शेगडीजवळ जाऊ दिलं नाही. स्वतः पदर खोचल्यासारखा पंचा खोचला आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. भल्या पहाटे अख्ख्या वस्तीचे पाव भट्टीतून उतरवणारा हा गडी, पण दोघांपुरतं सूप काही जमेना. हात मोठ्या मापाला बसलेला. मीठ टाकायचे ते चिमटीने नाही, मुठीने.

काकू ते सूप मुकाट्याने पीत. "छान झालंय," म्हणत.

काकांना इथेच धसका बसला. कारण ही बाई अशी नव्हती. पूर्वी काका नुसते पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरले तरी त्या खेकसायच्या, "बाहेर व्हा आधी! एका स्वयंपाकघरात दोन माणसं मावत नाहीत." उभ्या संसारात काकांनी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की ते भिंतीला रंगासारखं चिकटलं असेल. आता काकू दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसत. कशाला नावं ठेवत नसत, काही मागत नसत. डोळे गेले तेव्हा काकांनी मन घट्ट केलं होतं. पण आता डोळ्यांमागोमाग बाईच चालली होती, आणि तिला कसं थांबवायचं ते त्यांना कळत नव्हतं.

लेक परगावाहून आली ती टॅक्सीतून भलंमोठं खोकं घेऊनच.

"बाबा, आईसाठी आणलाय. याच्यात जाळ नाही."

"मग आहे काय?"

"बटण."

"उद्या बटण दाबून भूकही भागवा म्हणावं!" काका नाक मुरडत म्हणाले.

खुर्चीतून काकूंचा आवाज आला. "मला दाखव गं."

लेकीने त्यांचा हात धरून खोक्यावरून फिरवला. सुरू करायच्या बटणावर तिने डाळीचा दाणा चिकटवला, बंद करायच्या बटणावर काडेपेटीतल्या काडीचा तुकडा. काकू त्या दाण्यावरून बोट फिरवत राहिल्या. "उद्या याच्यात बटाटा करू," त्या म्हणाल्या. "यांना बटाटा आवडतो." कित्येक महिन्यांत त्या उद्याबद्दल पहिल्यांदाच काही बोलत होत्या. लेक संध्याकाळच्या गाडीने समाधानाने परत गेली.

सकाळी मास्तरांची बायको काकूंना पाय मोकळे करायला खाली घेऊन गेली, आणि काका त्या खोक्यासमोर एकटे उरले. त्यांच्या मनात पाप नव्हतं, हे आधी सांगायला हवं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. काही भाजायचंच असेल तर आधी आपला हात भाजू दे, एवढाच विचार. आणि बेकरीचा पहिला धडा असा, की नव्या भट्टीत एकदम पाव घालायचा नाही. आधी रिकामी तापवायची, अंगात चांगली धग मुरू द्यायची, मग माल.

त्यांनी आतली काचेची ताटली पुसली, दार लावलं आणि डाळीचा दाणा दाबला. खोकं घुमायला लागलं. थोड्या वेळाने दार उघडून काकांनी हाताची मागची बाजू आत धरली. भिंतींना आच म्हणून नाही! भट्टी भारीच आळशी निघाली, असं म्हणत त्यांनी पुन्हा दाणा दाबला. मग पुन्हा, आणखी जास्त वेळ. शेवटी आतून जळका वास आला, 'तड्' असा आवाज झाला आणि ताटलीचे दोन तुकडे झाले. काकांनी घाईघाईने काडीचा तुकडा दाबला, खोकं गप्प. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काकांनी तर खरोखरच हात दाखवला होता.

काकू परत आल्या. दारातच थांबून त्यांनी वास घेतला. "काय केलंत?"

काकांनी सगळं सांगितलं. आता बोलणी बसणार म्हणून ते खाली मान घालून उभे राहिले, खरं तर त्याचीच वाट बघत.

"असू दे," काकू म्हणाल्या. "नव्हतं माझ्या नशिबात." आणि भिंतीला हात लावत त्या खुर्चीकडे गेल्या.

त्यांनी ताटल्या फेकल्या असत्या तर परवडलं असतं. काकांनी खोकं चादरीत बांधलं, खांद्यावर घेतलं आणि तडक कोपऱ्यावरची दुरुस्तीवाली गाठली.

दुरुस्तीवालीच्या कानावर पेन्सिल, हातात पेचकस आणि चहूकडे पोटं उघडलेले पंखे, मिक्सर, इस्त्र्या. तिने खोकं उघडून पाहिलं, आत कसल्याशा दोन तारा टेकवल्या.

"नशीबवान आहात. नुसती ताटली गेली. रिकामा चालवलात ना?"

"नवी भट्टी आधी तापवावी लागते," काका म्हणाले.

ती हसली, पण चांगली हसली. "काका, ही भट्टी नव्हे. हा स्वतः तापतच नाही. आत जे ठेवाल त्याच्यात पाणी असतं ना, त्या पाण्याला हा हलवतो, आणि ते पाणी तापतं. आत काहीच नसलं तर याची ताकद याच्यावरच उलटते. थांबा, दाखवते."

तिने नवी ताटली बसवली, पेलाभर पाणी आत ठेवलं आणि बटण दाबलं. काका गुडघ्यांवर हात ठेवून, काचेला नाक लावून बघायला लागले. आत जाळ नाही, निखारा नाही, लाल झालेली तारसुद्धा नाही. पाणी मुकाट्याने गोल फिरत होतं. मग पेल्याच्या तळाशी एक बुडबुडा आला. मग चार. मग अख्खा पेला खदखदायला लागला.

दार उघडल्यावर काकांनी भिंतीला हात लावला. गार. पाण्यावर हात धरला आणि चटकन मागे घेतला.

जन्मभर त्यांनी धग बाहेरून आत घातली होती. लाकडातून विटांत, विटांतून हवेत, हवेतून पावात. त्या वाटेत त्यांचं तारुण्य गेलं, हातावरचे केस गेले. आणि इथे पाणी आपलं आपणच उकळत होतं. हे रोज घरोघरी घडतं आणि माणसं तिकडे पाठ करून बसतात तरी कशी, असं त्यांना वाटलं. डोकं उघडं होतं याचीही त्यांना लाज वाटली; देवळात टोपी विसरून आल्यासारखी.

"पुन्हा एकदा करता?" त्यांनी हळूच विचारलं.

तिने पुन्हा केलं. मग एक रोकडा सल्लाही दिला. "याच्यात तुमच्यासारखा पाव भाजला जाणार नाही, खरपूस काही होणार नाही. दूध, सूप, बटाटा, उरलंसुरलं गरम करायला मात्र उत्तम. बटाट्याला टोचे मारा, नाहीतर फुटेल."

घरी येऊन काकांनी खोकं ओट्यावर ठेवलं आणि काकूंना हाताला धरून आणलं. दुरुस्तीवालीने सांगितलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. काकूंनी बटाटा धुतला, चाचपत काट्याने टोचे मारले, आत ठेवला, डाळीचा दाणा शोधून दाबला. काका शेजारीच उभे, त्यांच्या बाहीखाली तळवा धरून, नसलेला जाळ झेलायला.

खोकं वाजलं. काकूंनी फडक्याने बटाटा बाहेर काढला. काढताना भाजल्याच्या वणाचं मनगट आतल्या भिंतीला लागलं आणि त्या दचकल्या. मग थबकल्या. बटाटा खाली ठेवून त्यांनी हात पुन्हा आत घातला आणि भिंतींवरून, छतावरून सावकाश फिरवला.

"अहो, हा तर गार आहे!" त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. "मला जाळ दिसत नाही, आणि याच्यात जाळच नाही. आमचं जमेल म्हणायचं!"

काकांनी बटाटा फोडला. आतून वाफ उसळली. लग्न नवं असताना ते पहाटे पाळी संपवून घरी येत, तेव्हा भट्टीच्या राखेत भाजलेला एक बटाटा कागदात गुंडाळून काकूंसाठी आणत. काकांनी एक घास घेतला, पण जीभ खोटं बोलू देईना. "राखेतल्यासारखा नाही लागत."

"तो तुम्ही आणायचात. हा मी केलाय," काकू ताडकन म्हणाल्या. "आणि सूपाचं इतके दिवस बोलले नाही, पण ते माणसांनी प्यायचं नव्हतं. मीठ टाकत होतात की वाळू? तो मिठाचा डबाही तुम्ही हलवलात, इथे नाहीये तो. काय केलंत माझ्या स्वयंपाकघराचं! बाहेर व्हा आधी. एका स्वयंपाकघरात दोन माणसं मावत नाहीत!"

काका बाहेर झाले. थेट जिन्यापर्यंत. त्यांच्या हातात अर्धा बटाटा होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. नेमके तेव्हाच मास्तर जिना चढून आले, वरचा खोक्याचा आवाज ऐकून.

"काका, तुमच्याकडेही आला? मग आता सांगा, घ्यावा की नाही?"

काकांनी बाहीने नाक पुसलं.

"आत विचारा," ते म्हणाले. "मला स्वयंपाकघरात यायची परवानगी नाही."