दुसरी प्रत मी पाठवली

परदेशातून आलेलं ते लांबट पाकीट डॉक्टरांच्या टेबलावर मी माझ्या हातानं फोडलं, आणि त्या दुपारपासून माझं सगळं बदललं. पाकिटात काय होतं ते सांगणारच आहे. पण लेखाची सुरुवात पहिल्या ओळखीनं करावी असं डॉक्टरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळानं बजावलंय, म्हणून आधी ती सांगतो.

डॉ. मन्मथ तोडकरी यांची ओळख मला माझ्या रक्तबंबाळ हातामुळे झाली. मी बीडला कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. नोटीस बोर्डाच्या काचेवर कुणीतरी माझं आणि वर्गातल्या एका मुलीचं नाव खडूनं लिहिलं. पुसून टाकता आलं असतं. मी काच फोडली. हाताला रुमाल गुंडाळून डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. टाके घातल्यावर त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि कापूस एकेका बोटाला टेकवत विचारलं, "इथं कळतंय? आन् इथं?"

सगळीकडे कळत होतं.

"नस वाचली. डोकं तेवढं तपासायचं राहिलं. काय करतोस?"

"कालपर्यंत कॉलेज करत होतो."

"टायपिंग येतं?"

"इंग्रजी चाळीसची परीक्षा पास हाय."

"मग टाके निघाले की ये."

कॉलेज सुटलं ते सुटलंच. ती मुलगी मात्र मनातून सुटली नाही. तिचं नाव इथं लिहीत नाही, तिचा संसार चांगला चाललाय.

डॉक्टरांचं काम काय होतं हे त्यांच्या मित्रमंडळींतही पुष्कळांना नीट ठाऊक नाही. नेकनूरकडच्या बायका त्यांच्याकडे एकच तक्रार घेऊन येत. चालताना एका पायातली चप्पल गळून पडते, पाऊल वर उचलत नाही. कुणी अंगारा लावून आलेली, कुणी लकव्याचं औषध घेऊन. डॉक्टरांनी प्रत्येकीला एकच विचारलं, "बाई, दिवसभर कशी बसतीस?" सगळ्या खुरपणीच्या मजूर. सकाळपासून उकिडव्या. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाला लागून एक नस जाते, ती तशा बसण्यानं तासन् तास दाबली जाते आणि पाऊल लुळं पडतं. ही नस पुस्तकात होतीच. आमच्या बांधावरच्या या बायका पुस्तकात नव्हत्या.

हे टेबलामागं बसून सांगणाऱ्यांतले डॉक्टर नव्हेत. एकदा ते स्वतः खुरपं घेऊन बायकांच्या ओळीत पातीला बसले, मी मनगटावरच्या घड्याळात बघत बांधावर उभा. तासाभरात गयाबाई नावाची मजूर ओरडली, "डागदरसाब, तण ठिवलं आन् पीक उपटलंत की!" दुसरी म्हणाली, "आज त्यांची हजेरी अर्धीच मांडा." डॉक्टर हसत राहिले, पण उठले नाहीत. उठले तेव्हा पाय बधिर झालता, त्यांना मी धरून मोटारसायकलपर्यंत आणलं. वाटेत त्यांनी मला वहीत लिहून घ्यायला लावलं की मुंग्या कुठून सुरू झाल्या आणि कुठपर्यंत गेल्या.

यावर त्यांनी इंग्रजीत शोधनिबंध लिहिला, मेंदू आणि नसांच्या विज्ञानावरच्या एका परदेशी जर्नलसाठी. त्या जर्नलच्या शेवटच्या पानावर लेखकांसाठी नियम होते. ओळींत दुप्पट अंतर, नावाचं पान वेगळं, मूळ प्रत आणि सोबत दोन, फोटोच्या मागं पेन्सिलीनं वरची बाजू दाखवणारा बाण. एक संदर्भ तपासायला डॉक्टर एसटीनं औरंगाबादच्या ग्रंथालयात जाऊन येत, तेही स्वल्पविराम कुठं आहे एवढ्यासाठी. अख्खा निबंध मी अकरा वेळा टाइप केला. तिसऱ्या वेळी मशीन उचलून आपटायचं मनात आलं होतं, हे कबूल करतो.

एक बाई बरी झाली नव्हती. बाकीच्यांनी बसणं बदललं, मधून मधून उठून चालू लागल्या, तशी काही महिन्यांत त्यांची पावलं उचलू लागली. हिचं नाही. मी म्हणालो, "डॉक्टर, हिला वगळा की. निबंध लई झकास दिसंल."

त्यांनी चष्मा काढला. "ती बरी झाली न्हाई हे तिला ठाऊक हाय, मला ठाऊक हाय. मग कागदालाच कावून ठाऊक नसावं?"

त्या बाईची हकिकत त्यांनी सगळ्यांत सविस्तर लिहिली.

निबंधाच्या शेवटी आभाराची ओळ होती. ती त्यांनी मला न सांगता हातानं लिहून दिली. टंकलेखन संयमानं केल्याबद्दल गौतम यांचे आभार. मी 'संयम' वाचून हसलो, पण ती ओळ माझ्या डोक्यात बसली. कारण तिनं, त्या मुलीनं, मला स्पष्ट सांगितलं होतं, "घरात सांगू काय, सांग ना? कॉलेज सोडलेला टायपिस्ट? बाबांना दाखवायला कायतरी तर दे." पाटोद्याचं एक स्थळ तिला सांगून आलं होतं. परदेशात छापलेल्या कागदावर माझं नाव आलं असतं, तर तेच दाखवणार होतो.

निबंध रजिस्टरनं गेला. पोचल्याचा फॅक्स बसस्टँडसमोरच्या एसटीडी बूथवर आला, तो मी पळत आणला. मग काहीच नाही. दोन महिने, चार महिने. मी चिडायचो. डॉक्टर म्हणायचे, "तिकडं तज्ज्ञ वाचतेत. वाचू दे." तिकडं पाटोद्याची माणसं तिला बघून गेली.

दवाखान्यात ठेवायची म्हणून एक जादा प्रत केलेली होती. मी ती उचलली. सोबतचं पत्र नव्यानं टाइप केलं, डॉक्टरांची सही मला पाठ होती ती केली, आणि दुसऱ्या एका जर्नलला पाठवून दिली. आमच्याकडं नोकरीचा अर्ज चार ठिकाणी टाकतात. जिथून आधी बोलावणं येईल तिकडं जायचं. मला त्यापलीकडे काही सुचलं नाही. 'हा निबंध अन्यत्र कुठेही विचाराधीन नाही' हे वाक्य पत्रात मीच दोन्ही वेळा टाइप केलं होतं. अर्थ कळत होता. अर्जाखाली 'वरील माहिती खरी आहे' असं लिहितात, तसलंच काहीतरी असेल असं वाटलं.

दोन्ही संपादकांनी निबंध योगायोगानं एकाच तज्ज्ञाकडे तपासायला दिला. मी फोडलं ते पाकीट म्हणजे पहिल्या जर्नलच्या संपादकांचं उत्तर होतं. एकच निबंध एका वेळी दोन जर्नलांना देणं ही तिकडं फसवणूक मानतात. निबंध परत. लेखकानं खुलासा करावा. यापुढे डॉ. तोडकरी यांचं लेखन स्वीकारलं जाणार नाही.

डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं. "आपली जादा प्रत कुठाय?"

मी सगळं सांगितलं. ती मुलगीसुद्धा. त्यांनी पत्राची घडी घालून ते खणात ठेवलं. मग म्हणाले, "बाहेर पेशंट हाय, आत घे." शेवटचा पेशंट गेल्यावर त्यांनी मला मशीनवर बसवून उत्तर सांगितलं. चूक लेखक म्हणून माझी आहे, क्षमस्व. बस एवढंच.

मी ओरडलो, "माझं नाव घाला त्याच्यात! सही मी केली!"

"तुला अजून चार ठिकाणी नोकरी मागायची हाय. मला कुठं मागायचीय? टाइप कर."

मी टाइप केलं. त्या पत्रात एकही चूक नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी डॉक्टर मोटारसायकलवर आमच्या घरी आले, आईनं दिलेला चहा घेतला आणि मला म्हणाले, "मशीन उघडी पडलीय. धूळ बसतीय तिच्यावर." त्याहून जास्त या विषयावर ते माझ्याशी कधीच बोलले नाहीत.

पत्राची बातमी कुठून फुटली ठाऊक नाही, पण गावात बोलणं व्हायचं ते झालंच. डॉक्टर मंडळींच्या एका बैठकीत मी निमंत्रणं वाटायला गेलतो. तिथं एक जण सगळ्यांदेखत डॉक्टरांना म्हणाले, "काय अप्पा, एकच म्हैस दोन बाजारांत उभी केलीत म्हणं!" सगळे हसले. डॉक्टरांनी हातातली चिवड्याची बशी खाली ठेवली आणि तेही हसले. त्यानंतर ते त्या बैठकीला गेले नाहीत. परत निबंधही लिहिला नाही. तो अकरा वेळा टाइप केलेला कागद कपाटात पडून आहे, आणि बरी न झालेली ती बाई त्या एका तज्ज्ञाशिवाय जगात अजून कुणीच वाचलेली नाही.

त्या मुलीचं लग्न पाटोद्याला झालं. तो सल आहेच, पण तो माझा एकट्याचा आहे. डॉक्टरांच्या नावाला लागलेला डाग माझा असून त्यांच्या अंगावर आहे, हे मला सहन होत नाही. आजही ते बांधावर जातात, मुकादमांशी भांडून बायकांना घटकाभरानं उठवतात, बसायला लाकडी पाट देतात. तेव्हा या ग्रंथाच्या वाचकांनो, त्या बैठकीत हसलेल्यांनो, तुम्हीही, नीट वाचा. दुसरी प्रत मी पाठवली. डॉक्टरांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांची पावलं अजून पुष्कळ वर्षं त्या बांधांवरून न अडखळता चालोत, आणि त्या चालण्याला उरलेलं आमचंही आयुष्य लागो.

इथं लेख संपवून मी आज सकाळी डॉक्टरांना दाखवायला गेलो. त्यांनी उभ्यानंच वाचला.

"टाइप चांगलं केलंस. पण हे छापायला देऊ नको."

"कावून?"

"तुझं लग्न व्हायचंय, बाबा. लोकं नावं ठेवतील."

"ठेवू द्या. तुमाला ठेवली तवा चाललं का?"

"मी सांगतोय म्हणून तरी?"

त्यांचा हात कागदांवर होता. आजवर त्यांनी सांगितलेलं मी मोडलं नव्हतं.

"डॉक्टर, बाकी जन्मभर ऐकंन. एवढं न्हाई."

मी त्यांच्या हाताखालून कागद ओढून घेतले. "गौतम!" त्यांनी हाक मारली. मी वळलो नाही. बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.