पोटाशी बिलगलेलं पिल्लू

ऑफिसात तिला सगळे काकू म्हणत, साहेबसुद्धा. जुन्या कागदांची खोली तिच्या ताब्यात होती. छताला टेकू पाहणारे फायलींचे गठ्ठे, एक डुगडुगती शिडी आणि भिंतीत उंचावर एक झरोका. झरोक्यालगतच्या कोनाड्यात वटवाघळं राहायला आली, ते पहिल्यांदा कळलं काकूला. साहेबांना कळलं ते वासावरून.

"सोमवारी गवंडी येतोय," ते म्हणाले. "संध्याकाळी ती बाहेर उडाली, की झरोका बुजवून टाकू."

"दोन महिने थांबा साहेब. पिल्लं आहेत. आया बाहेर राहतील आणि पिल्लं आत उपाशी मरतील."

"मला तर नुसती काळी चिरगुटं लटकलेली दिसतात. पिल्लू दाखवा, थांबतो."

दाखवायचं कसं? टॉर्च मारला तर बिथरून पिल्लं खाली पडायची. फ्लॅशचं तर नावच नको. पण काकूची बावीस वर्षं एका फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये गेली होती. स्टुडिओ बंद झाला तेव्हा तिथला जुना कॅमेरा आणि फोटो मोठे करायचं यंत्र तिने हट्टाने घरी आणलं होतं.

गुरुवारी दुपारी तिने कृष्णधवल रोल भरला. उजेड काय तो झरोक्यातून येईल तेवढा, चिमूटभर. शिडीशेजारच्या गठ्ठ्यांवर कॅमेरा टेकवला, श्वास रोखला आणि मनातल्या मनात तीन अंक मोजत एकेक फोटो घेतला. झोपलेल्या वटवाघळाचा कान तेवढा हलतो; तो थांबला की बटण दाबायचं, एवढं कळायला अर्धा रोल खर्ची पडला.

संध्याकाळी घरातली न्हाणी तिने ताब्यात घेतली. लाल दिवा, पाटावर फोटो धुण्याच्या औषधांचे ट्रे. बाहेर नवरा खांद्यावर टॉवेल टाकून उभा.

"अगं, आज माझी आंघोळ व्हायची आहे की वटवाघळांची?"

"वटवाघळांची. तुमची उद्या."

शुक्रवारी साहेबांनी फोटो उजेडाकडे धरला. "काकू, ही भिंतीला आलेली ओल आहे का?"

काकूचा चेहराच उतरला. घरी येऊन तिने फोटो नवऱ्यासमोर टाकला. त्याने चष्मा वर केला, खाली केला.

"तू ह्यांनाही गोरं केलंस की गं."

ती बघतच राहिली. खरंच की. स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला उजळ दिसायचं असे. फोटोच्या कागदावर प्रकाश जितका कमी, तितका चेहरा गोरा; त्यामुळे कागदाला प्रकाश थोडा कमीच द्यायचा, ही सवय हाताला अशी जडली होती की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती. आईच्या पोटाची फिकट लव भिंतीत मिसळून गेली होती आणि पिल्लू म्हणजे एखादी सुरकुती.

पुन्हा न्हाणी, पुन्हा लाल दिवा. हात दर वेळी यंत्राचा दिवा लवकर बंद करायला जाई आणि ती त्याला थोपवून धरी. चौथ्या कागदावर औषधातून हळूहळू काळं वर आलं, दाट, मखमलीसारखं. मग त्या काळ्यात आईचा मिटलेला पंख दिसू लागला. पंखाआड नखाएवढा चेहरा, एक मिटलेला डोळा आणि आईच्या लवेत रुतलेली बारीक बोटं.

"या आत," तिने नवऱ्याला हाक मारली. तो टॉवेल विसरून ट्रेवर वाकून राहिला. "बोटं बघ त्याची," तो पुटपुटला.

सोमवारी गवंडी घमेलं घेऊन दारात आला, तेव्हा साहेब अजून फोटोच बघत होते. "दोन महिन्यांनी या हो," ते मान वर न करता त्याला म्हणाले. मग फोटो काकूपुढे सरकवला. "फाइलला लावतो. मागे लिहा, कुणी काढला ते."

स्टुडिओतल्या बावीस वर्षांत काकूने हजारो फोटोंच्या पाठीवर मालकाचा शिक्का मारला होता. पेन टेकवताना तिचा हात क्षणभर अडला. मग तिने सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि शाई वाळेपर्यंत फोटो दोन्ही हातांत धरून ताठ उभी राहिली.