पाळकसाहेबांच्या बदलीचा ठराव

वाशीच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत कुठलाही कागद करायचा निघाला की सगळे वैजयंती हिवाळेकडे पाहायचे. ती फोर्टमधल्या एका कचेरीत स्टेनो होती. वडील जालन्याकडे मिशन दवाखान्यात कंपाउंडर. मॅट्रिक झाल्यावर ती टायपिंग-शॉर्टहँड शिकली, नोकरीसाठी मुंबईला आली, आणि नवऱ्याला, सुभाषला, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात काम लागलं तेव्हा खाडीपूल ओलांडून वाशीत राहायला आली. तेव्हा तिथे मंडळीचं देऊळ, म्हणजे चर्च, बांधून झालेलं नव्हतं. रविवारची उपासना एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायची आणि पहिलीच्या पोरांच्या बाकांवर मोठी माणसं अंग चोरून बसायची.

धर्मप्रांताची परिषद दर तीन वर्षांनी भरे. गावोगावचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आणि मंडळ्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी तिथे जमत, आणि मंडळ्यांकडून आलेले ठराव वाचून मताला टाकले जात. ठरावाला सूचक लागे, अनुमोदक लागे, भाषा नेमकी लागे. वाशीला देवळासाठी जागा मागावी हा ठराव वैजयंतीनेच लिहिला होता आणि तो एका शब्दाचा फरक न होता मंजूर झाला होता. तेव्हापासून ती मंडळीची सेक्रेटरीच होऊन बसली.

त्र्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात कमिटीची बैठक दिलीप साळवेच्या घरी झाली. दिलीप बँकेत होता, मंडळीचा खजिनदार होता, आणि जे बाकीच्यांच्या मनात असे ते बोलून टाकायची त्याला सवय होती. पाळकसाहेब त्या दिवशी कोणा आजाऱ्याला भेटायला गेले होते. ते नाहीत हे बघूनच त्याने विषय काढला.

"पाळकसाहेबांबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही," तो म्हणाला. "पण ताई, पोरं येईनाशी झालीत. प्रवचन संपता संपत नाही. परवा बाप्तिस्मा ठरला होता तो विसरले, लोक बाळाला घेऊन हॉलबाहेर बसून राहिले. आमी तरी किती दिवस सांभाळून घ्यायचं?"

"मग त्यांच्याशी बोला की."

"कोण बोलणार? तुमी बोलाल?"

वैजयंतीने बैठकीची वही उघडली. इतरांनी माना खाली घातल्या.

परिषदेत एखाद्या माणसाचं नाव घेऊन ठराव मांडता येत नसे. त्यावरही दिलीपने तोड काढून ठेवली होती. सात वर्षांहून अधिक काळ एका ठिकाणी असलेल्या पाळकाची बदली मंडळीने मागितली, तर ती झालीच पाहिजे, असा सर्वांसाठी नियम करून घ्यायचा. रेव्हरंड शांतवन उजगरे वाशीची मंडळी सुरू झाल्यापासून तिथेच होते. ठराव कोणासाठी आहे हे लहान मुलालाही कळलं असतं. "लिहायचं तेवढं तुमी बघा," दिलीप म्हणाला, आणि बैठक संपली.

उजगरे पाळकसाहेब आधी जालन्याकडेच होते आणि वैजयंतीला ती परकर नेसायची तेव्हापासून ओळखत होते. तिचा दृढीकरणाचा, म्हणजे मंडळीत रीतसर सामील होण्याआधीचा, वर्ग त्यांनी घेतला होता, तिचं लग्न त्यांनी लावलं होतं. वडील गेल्याची तार आली तेव्हा सुभाष रात्रपाळीला होता. पाळकसाहेब पिशवीत बायबल आणि एक धोतर टाकून तिच्यासोबत एसटीत बसले होते, थेट जालन्यापर्यंत. वाटेत ते फार काही बोलले नाहीत. प्रत्येक स्टँडवर तेवढं खाली उतरून तिच्यासाठी चहा आणत राहिले.

अशा माणसाच्या विरुद्ध कागद करायला ती बसली. 'ही परिषद असे ठरवते की' इथपर्यंत बोटं सराईतपणे चालली. पुढे कारण द्यायचं होतं. 'मंडळीच्या आत्मिक वाढीसाठी' असं तिने टाइप केलं, वाचलं, आणि कागद ओढून काढला. म्हणजे पाळकसाहेबांमुळे वाढ खुंटली होती की काय? 'प्रशासकीय सोयीसाठी' लिहिलं, तर तेही गोदामातला माल हलवायचा असल्यासारखं वाटलं. चार-पाच दिवस हेच चाललं. जेवण जाईना. कचेरीत साहेबांनी सांगितलेलं पत्र तिने दोनदा चुकवलं.

शेवटी सुभाष म्हणाला, "ठराव छापून सगळ्या पाळकांना जातात ना? म्हणजे हे त्यांना पोस्टाने कळणार. तुला ते चालणार असेल तर पाठव."

ते तिला चालणार नव्हतं. शनिवारी कचेरीतून परत आल्यावर तिने साडीसुद्धा बदलली नाही. मसुदा पर्समध्ये घातला आणि ती पाळकसाहेबांच्या बिल्डिंगकडे निघाली. तीन जिने चढताना तिला वाटलं, घरी कोणी नसलं तर बरं.

घरी दोघंही होती. पाळकीणबाई, म्हणजे सुमित्राबाई, मेथी निवडत होत्या. पाळकसाहेब खिडकीशी बसले होते.

"ये वैजू. आज शनिवारची कशी काय?" सुमित्राबाईंनी तिला चहा करून दिला आणि पुन्हा मेथी पुढे ओढली.

"पाळकसाहेब, मला एक ठराव लिहायला सांगितलाय. तो इकडून तिकडून तुमच्या हातात पडण्याआधी तुम्ही माझ्याच हातून घ्यावा म्हणून आले."

तिने कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला आणि ओठ हलवत एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. वैजयंती सुमित्राबाईंच्या हातातल्या मेथीकडे बघत राहिली. हातातला चहा निवून गेला.

"यात एक उणीव आहे," पाळकसाहेब म्हणाले.

"काय?" तिने विचारलं.

"मंडळीने मागितली तर, असं तू लिहिलंयस. पाळकाने मागितली तर काय?"

तिला नीट उमगलं नाही. तेव्हा त्यांनी चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला.

"मी बिशपसाहेबांकडे दोनदा तोंड उघडलं बाई. दोन्ही वेळा हेच ऐकलं, नव्या शहरातली मंडळी तुम्ही उभी केलीत, ती टाकून कशी जाता? आपल्यात पाळकाने बदली मागणं म्हणजे सेवेतून अंग काढणं समजतात. मग मी गप्प बसलो. तुम्हा लोकांनाही वाईट वाटलं असतं."

"आम्हाला?" वैजयंती म्हणाली.

"इथे मला घरंच सापडत नाहीत," ते म्हणाले. "गावाकडे अंधारातसुद्धा कोणाचा उंबरा कुठला ते पायाला कळायचं. इथे सगळ्या बिल्डिंगी सारख्या, सगळे दरवाजे सारखे. मागे गायकवाडांची म्हातारी गेली तेव्हा मी भलत्याच घरात जाऊन बसलो. प्रार्थनासुद्धा केली. हिंदू कुटुंब होतं. बिचारी माणसं डोळे मिटून बसली, चहा दिला, आणि मग घरच्या बाईने हळूच विचारलं, काका, आमच्याकडे कोण गेलंय?"

सुमित्राबाई हसू लागल्या आणि हसता हसताच त्यांनी पदराने डोळे टिपले. "त्या दिवसापासून ह्यांनी धास्तीच घेतलीय," त्या म्हणाल्या. "बाहेर पडायचं म्हणजे जिवावर येतं. आणि माझ्या गुडघ्यांना हे तीन जिने. मीच म्हणायची, सांगून टाका. हे म्हणायचे, पोरांचं मन कसं मोडू?"

वैजयंतीच्या छातीवरून धोंड उतरली. तिला रडूही आलं आणि हसूही, आणि तो निवलेला चहा ती एका घोटात पिऊन गेली. मग दोघांनी मिळून वाक्य बसवलं. 'सात वर्षांहून अधिक सेवा झाल्यावर मंडळीने किंवा स्वतः पाळकाने बदली मागितल्यास, परिषद ती उचित मानील.' कारणाच्या जागी काय लिहायचं ते पाळकसाहेबांनी सांगितलं: 'सेवा करणाऱ्याची आणि सेवा घेणाऱ्यांची, दोघांचीही काळजी म्हणून.' अनुमोदक म्हणून त्यांनी स्वतःचंच नाव घालायला लावलं.

दिलीपला हे कळलं तेव्हा तो बराच वेळ पेनचं टोपण उघडत-मिटत राहिला. "म्हणजे ते आमाला सांभाळून घेत होते," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो एकटाच तीन जिने चढून गेला. तिथे काय बोलणं झालं ते त्याने कोणाला सांगितलं नाही, पण सूचक म्हणून सही मात्र त्याने तिथेच केली.

परिषद पावसाळ्यानंतर नाशिकला भरली. वैजयंती वाशीची प्रतिनिधी होती. ठराव वाचून झाला आणि एका मोठ्या शहरातल्या मंडळीचे एक वयस्क वडील, म्हणजे तिथले पंच, उठले. "पाळक म्हणजे सरकारी नोकर नव्हे," ते म्हणाले. "देवाने ठेवलं तिथे राहावं. उद्या प्रत्येक जण बदली मागेल." सभागृहात बऱ्याच माना डोलल्या. दिलीपने उत्तर पाठ करून आणलं होतं, पण पहिल्याच वाक्याला त्याची जीभ अडखळली आणि तो खाली बसला. वैजयंतीला आता ठराव पडणार असं वाटलं.

मग उजगरे पाळकसाहेब अनुमोदन द्यायला उभे राहिले. वाशीचे जे लोक त्यांच्या प्रवचनात चुळबुळ करत, त्यांनीही त्यांना इतकं थोडकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"मी थकलोय," ते म्हणाले. "देवाच्या कामाने थकलो नाही, जिन्यांनी थकलोय. माझ्या मंडळीलाही माझा थकवा आलाय. आम्ही दोघंही एकमेकांना वाईट वाटेल म्हणून बोलत नव्हतो. हा ठराव झाला तर निदान बोलता येईल."

मागच्या रांगेत बसलेल्या, कोकणातून आलेल्या एका अगदी वृद्ध पाळकांनी हात वर केला. अध्यक्षांना वाटलं, हरकत आहे.

"हरकत नाही," ते म्हणाले. "हा नियम कधीपासून लागू, तेवढंच विचारायचं होतं."

सगळं सभागृह हसलं, हरकत घेणारे वडीलही हसले, आणि मत घेतलं तेव्हा पांढऱ्या केसांच्या पाळकांचे हात सगळ्यांच्या आधी वर गेले.

नाताळ झाल्यावर उजगरे दांपत्य अंबडजवळच्या एका लहान गावात गेलं. सामानाची ट्रंक दिलीपने खाली आणली, कोणाला हात लावू दिला नाही. वाशीला तरुण पाळक आले. त्यांचं प्रवचन लवकर संपे, आणि वर्षभरात लोक तेही फार आखूड म्हणू लागले.

दोन वर्षांनी वैजयंती माहेरी गेली होती तेव्हा वाट वाकडी करून त्या गावी उतरली. पाळकसाहेब घरी नव्हते. "सकाळी भाकरी खाऊन गेलेत, आता कोणाकोणाकडे बसतील सांगता येत नाही," सुमित्राबाई म्हणाल्या. घराला एकच पायरी होती. त्या कशाचा आधार न घेता उठल्या, अंगणातल्या वाफ्यातून कोथिंबीर खुडून आणली आणि चुलीपुढे बसल्या. "जेवून जा. ते उशिरा आले तरी येतील घरीच."