शिवलेली केप

पुण्याजवळ धायरीतल्या एका रिकाम्या गोदामात सुपरहिरोच्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं आणि मी कपडे सांभाळायला होतो. शाळा आठवीतच सुटलेली, घर लांब गोंदियाकडे, त्यामुळे हे काम जाईल याची धास्ती कायमची. आधीच्या शॉटशी पुढचा जुळतोय का, हे बघायला एक मॅडम होत्या. चष्मा कपाळावर, वही हातात, आणि आवाज दिवसभर तोच थकलेला. "अहो हिरो, जखम डाव्या गालावर होती. जेवणाच्या सुट्टीत उजवीकडे गेली का?" मलाही त्या 'अहो' म्हणायच्या. पुण्यात मला तसं म्हणणाऱ्या त्या पहिल्याच.

मारामारीत हिरोची पाठीवरची लाल केप फाटली. फाटकं कापड मला बघवेना. खोलीवर नेऊन मी ती बारीक टाके घालून शिवली. दुसऱ्या दिवशी त्याच मारामारीचा उरलेला भाग शूट झाला, त्यात केप धडधाकट, आणि हे दिग्दर्शकाच्या लक्षात आलं तोवर सेट मोडला होता.

"कुणी शिवली ही?" तो ओरडला.

मॅडमनी चष्मा खाली घेतला. "मीच सांगितलं शिवायला."

नंतर मी त्यांच्यापाशी गेलो. "मॅडम, तुम्ही तर काहीच..."

"सकाळी केप तपासणं माझं काम होतं. दमले होते, नाही बघितली. जा, इस्त्री तापलीय तुमची."

त्याच दिग्दर्शकाने पुढच्या सिनेमाला मला बोलावलं. मॅडमना नाही बोलावलं.

मी गेलो.