आवतन न मिळालेली गाडी

चंपतराव ढोबळे बैल घ्यायला बाजारात गेले की आधी दात पाहत, मग खूर पाहत, मग दहा पावलं चालवून घेत, आणि किंमत विचारायच्या आधी मालकाला विचारत, "खातो काय?" किंमत एकदाच द्यावी लागते, ढेप-कुटार रोज घालावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. पारशिवनीजवळच्या त्यांच्या गावात हा प्रश्न इतका माहितीचा होता की कोणी जावई पाहायला निघालं तरी पारावरची मंडळी म्हणत, "चंपतरावले संग न्या गा, पोरगा खातो काय ते विचारून येतीन."

आयुष्यात दोनदाच ते हा प्रश्न विचारायला विसरले. दुसऱ्यांदा विसरले तेव्हा त्यांचं वय एकाहत्तर होतं आणि समोर बैल नव्हता, जर्मन मोटार होती.

त्यांचा मुलगा ऋषिकेश नागपूरला वाडीत राहतो. अमरावती रोडवरच्या गोदामांतून माल उचलून गावोगाव पोचवण्याचा त्याचा धंदा आहे. दोन ट्रक, एक जुना, एक नवा. नव्याचे हप्ते चालू आहेत, जुना स्वतःचा आहे, आणि जुन्याच्या कमाईवरच नव्याचे हप्ते जातात. मालाच्या पावत्या म्हणजे बिल्ट्या आणि हिशेब त्याची बायको वैभवी पाहते. रविवारी, १० नोव्हेंबर २०२४ ला ऋषिकेश ती काळी, बुटकी गाडी घेऊन गावी आला. गाडी दहा वर्षांची होती. नवी होती तेव्हा साठ लाखांची, आता एक बिल्डर ती अकरा लाखांना द्यायला तयार होता. दोन दिवस चालवून पाहायला दिली होती.

"बसा बाबा," ऋषिकेश म्हणाला.

समृद्धी महामार्गावर गाडी लागली तेव्हा चंपतरावांची पाठ सीटला चिकटली. ही ओढ त्यांच्या ओळखीची होती. तिशी-चाळिशीत ते शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, खेळत. वजीर आणि पाखऱ्या ही त्यांची पटाची जोडी. हलक्या छकड्यावर बैल हाकायला, धुरकरी म्हणून, ते स्वतः उभे राहत, आणि झेंडी पडली की पहिल्या दोन उड्यांत जमीन पायाखालून निघून जायची. तीस वर्षांत तसं पुन्हा काही झालं नव्हतं. वाड्यात उतरल्यावर त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर पाहिले, काचा पाहिल्या, आणि म्हणाले, "घे."

खातो काय, हे विचारायचं राहूनच गेलं.

गोदामाच्या जागेसाठी साठवलेल्या पैशातून ऋषिकेशनं गाडी घेतली. तिनं खायला लगेच सुरुवात केली. साधं पेट्रोल तिला चालत नसे, महागडं लागे, आणि एका लिटरमध्ये ती शहरात सहा किलोमीटर जाई. पहिल्या सर्व्हिसिंगला अडतीस हजार लागले. जानेवारीत ब्रेक बदलले, ते सत्तर हजार. विमा बेचाळीस हजार. वाडीचे रस्ते ट्रकांनी उखडलेले, त्यात तिचे टायर भाकरीसारखे पातळ. दोन फुटले, पण बदलावे लागले चारही. मेच्या उन्हात इंजिनाच्या पाण्याची प्लास्टिकची नळी तडकली आणि गाडी आठवडाभर संघपालच्या गॅरेजात उभी राहिली. ऋषिकेश ट्रक उभे करतो त्या जागेला संघपालचं गॅरेज लागूनच आहे. माणूस सरळ. नळीचं बिल हातात देताना तो म्हणाला, "भाऊ, गाडी अकरा लाखाची झाली, पन पार्टं अजून साठ लाखाचेच आहेत. तुमी सस्तात घेतली हे त्यायले कोनी सांगितलंच नाही."

ऋषिकेश हसला आणि पैसे दिले. रविवारी सकाळी तो गाडी समृद्धीवर नेई, तासाभरानं परत येई, आणि त्या दिवशी घरात कोणावरही चिडत नसे, हेही खरं.

ऑगस्टच्या सुरुवातीला गाडीचा गिअरबॉक्स गेला. खर्च साडेतीन लाख. एवढे पैसे नव्हते. दोन दिवस विचार करून ऋषिकेशनं ठरवलं की जुना ट्रक विकायचा. गिऱ्हाईकही लागलं. शुक्रवारी, २२ ऑगस्टला सकाळी अकरा वाजता ते पैसे घेऊन ट्रक न्यायला येणार होतं.

वैभवीनं सासऱ्यांना फोन केला. "मामाजी, माझं तर ऐकूनच नाही राहिले. म्हणतात दोन वर्षांत दुसरा ट्रक घेऊ. नव्याचे हप्ते कुठून भरू मी?"

"पाहतो," चंपतराव म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांच्या पत्नी भागीरथाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "काय पाहता आता? तवाच पाहाचं होतं. तुमच्यानं तं तोंडातून 'घे' निघून गेलं."

"निघालं खरं."

"मंग आता कोन्या तोंडानं नाही म्हनसान?"



तो २२ तारखेचा शुक्रवार म्हणजे पोळा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोलवटतो, त्यावर हळद आणि लोणी चोळतात, आणि बैलाला दुसऱ्या दिवसाच्या पुरणपोळीचं आमंत्रण देतात: आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. चंपतरावांनी शेत ठोक्यानं दुसऱ्याला कसायला दिल्याला चौदा वर्षं झाली होती, गोठा रिकामा होता. पण हाताची सवय जात नाही. दरवर्षी त्या दिवशी ते हळद-लोण्याची वाटी फडक्यात बांधून एसटीनं अर्ध्या तिकिटात नागपूरला येत, वाडीला जात, आणि मुलाच्या ट्रकांची खांदशेकणी करत. पुढच्या चाकावरचा पत्रा हा ट्रकचा खांदा, असं त्यांनीच ठरवलं होतं. पहिल्या वर्षी ड्रायव्हर हसले होते. आता तेच विचारत, "बाबा कवा येऊन राहिले?"

गुरुवारी दुपारी ते पोचले. दोन्ही ट्रक धुऊन उभे होते. पलीकडे ती काळी गाडी, बॉनेट उघडं, आणि तिच्यात डोकं घालून संघपाल. ऋषिकेश जवळच खुर्चीवर बसला होता.

चंपतरावांनी टोपी सारखी केली आणि आधी नव्या ट्रकच्या खांद्याला हळद-लोणी चोळलं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग जुन्याकडे गेले. त्याच्या पत्र्यावर गंजाचे फोड होते. तिथे त्यांनी जरा जास्तच वेळ हात फिरवला. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

ऋषिकेश उठला. "बाबा, जुन्याले नका लावू ना. उद्या अकरा वाजता नेऊन राहिला त्याले तो मानूस."

"लावून झालं."

"मी पुसून टाकतो."

"लोनी पुस. आवतन कसं पुसशीन?" चंपतराव फडक्याला हात पुसत म्हणाले. "जेवाले बलावलं अन् जेवाच्या आधी घरातून काढलं, असं आपल्याकडे कोनी केलं नाही."

संघपालनं बॉनेटमधून मान वर काढली. वातावरण हलकं करावं म्हणून तो म्हणाला, "बाबा, हे राहिली ना. पाहा, कशी सुनेवानी मान खाली घालून उभी आहे."

चंपतरावांनी वाटीत पाहिलं. लोणी उरलं होतं. "हिचा खांदा कुठी आहे?" ते म्हणाले. "एक पोतं वाह्यलं का हिनं? ज्याचा खांदा सोलला नाही तो शेकू काहून?" आणि त्यांनी वाटी झाकली.

ऋषिकेशला राग आला. "तुमीच म्हटलं होतं, घे."

"म्हटलं."

"मंग आता टोमने काहून मारता?"

चंपतराव त्याच्या खुर्चीवर बसले. त्यांनी वाटीचं फडकं बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं.

"वजीर-पाखऱ्याचे सारे किस्से तुले पाठ आहेत," ते म्हणाले. "कोन्या पटात कितवा नंबर, तेही पाठ. त्यायच्याच वक्ती आपल्या गोठ्यात दुसरी एक जोडी होती. तिचं नाव सांग."

ऋषिकेश आठवू लागला. "दुसरी जोडी होती?"

"होती. नांगराची. सात वर्सं शेत वाह्यलं तिनं. मलेही नाव आठवत नाही. वजीर घेतला तवा खातो काय हे विचारलं नव्हतं म्या; त्याले सरकी लागे, अंडी लागत, तूप लागे, हिवाळ्यात बदाम. एवढं येनार कुठून? एका साली पोळ्याच्या आदल्या दिवशी म्या नांगराच्या जोडीचा खांदा शेकला, आवतन देलं, पोळ्याले पुरनपोळी चारली, अन् तिसऱ्या दिवशी बाजारात नेऊन इकली. तुह्या मायनं पाह्यलं, पन बोलली नाही."

"अन् पेरनी?"

"शेजाऱ्याची पेरनी झाल्यावर त्याची जोडी भाड्यानं आनली. गहू तीन हप्ते उशिरा पेरला. अर्धाच झाला."

"वजीर-पाखऱ्याले जुपाचं होतं."

"पटाचा बैल नांगर ओढत नाही गा. एका तासाले बसून गेला पाखऱ्या." चंपतराव म्हणाले. "आम्ही अर्धं खाऊन राहिलो होतो, अन् ते पुरं खाऊन राहिले होते. होळीच्या आधी त्यायलेही इकलं. मंग घरी एकही जोडी नव्हती."

संघपालनं हातातला पाना बिनआवाज खाली ठेवला.

"उद्या याचं जेवन होऊ दे," चंपतराव म्हणाले. "परवा इक. म्या तेच केलं होतं."

ऋषिकेश जुन्या ट्रकपाशी गेला, पत्र्यावरच्या लोण्याकडे पाहत उभा राहिला. मग त्यानं फोन काढला आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, "दादा, उद्या नका येऊ. पोळा आहे. परवा या."

शुक्रवारी वैभवीनं दोन्ही ट्रकांच्या बॉनेटवर पुरणपोळी ठेवली आणि मग ड्रायव्हरांना पोटभर वाढली. शनिवारी गिऱ्हाईक पैसे घेऊन आलं. ऋषिकेशनं त्याला चहा पाजला आणि ट्रक विकायचा नाही म्हणून सांगितलं. माणूस खूप बोलला. ऋषिकेशनं ते ऐकून घेतलं. दुपारी जुना ट्रक सिमेंट भरून काटोलला गेला.

गाडी आहे तशीच विकायची ठरली. पितृपक्षात कोणी फिरकलं नाही. नवरात्रातल्या रविवारी, २८ सप्टेंबरला, भंडाऱ्याचा एक पोरगेलासा कंत्राटदार आला. सौदा चार लाखांवर आला होता. चंपतराव त्या दिवशी वाडीलाच होते. त्यांनी कंत्राटदाराला बाजूला बसवलं.

"तुमी विचारलं नाही, म्हून मीच सांगतो, हे खाते काय," ते म्हणाले, आणि पेट्रोल, ब्रेक, टायर, नळी, विमा, गिअरबॉक्स, सगळं ओळीनं, रुपयांसकट सांगितलं. एकही आकडा चुकला नाही. ऋषिकेशनं कपाळाला हात लावला. सौदा साडेतीन लाखांवर उतरला.

"बाबांना आता आत नेऊन बसव," तो हळूच वैभवीला म्हणाला.

पण कंत्राटदार उठला नव्हता. खर्चाची यादी त्यानं ऐकली होती की नाही, कोण जाणे. तो गाडीकडेच पाहत होता. "ते ठीक आहे बाबा," तो म्हणाला. "पन पळते कशी?"

चंपतरावांनी ऋषिकेशकडे पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"पळते," ते म्हणाले. "वजीरवानी पळते."

कंत्राटदारानं खिशातून नोटांचं बंडल काढलं. चंपतराव उठून आत गेले.